असईची लढाई टेबलावर: कामाच्या नोंदी

१५ जून

टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायची लढाई ठरली. असई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसले विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी. घरात खडकीचा आग्रह होता. गणेशखिंड इथून हाकेवर, जागा पायाखालची, नकाशा काढायलाही सोपा. पण खडकीत सगळं लक्ष बापू गोखल्यांच्या घोडदळावर जातं, आणि मला पायदळाची लढाई हवी होती. असईला दोन्हीकडे कवायती पायदळ आहे. शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे गट, तिघांच्या हाताखाली होते. पोहलमन मूळचा हॅनोव्हरचा, पूर्वी कंपनीच्याच फौजेत सार्जंट. बेगम समरूच्या पलटणी सालूरकडे आणि उरलेल्या द्युपाँकडे. सगळे मिळून साडेदहा हजारांवर शिपाई आणि शंभरेक तोफा. समोर कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, त्याचे साडेचार हजार.

टेबल सहा फूट बाय चार फूट. प्लायचे दोन तुकडे, म्हणजे लिफ्टमधून नेता येतात. एक फूट म्हणजे साधारण ५०० मीटर. शिपाई १० मिलिमीटर उंचीचे. २५ मिलिमीटरच्या एका पट्टीवर सहा, अशा चार पट्ट्यांची एक पलटण. पट्टीमागे खरी माणसं १२० धरली आहेत.

या मापात बंदुकीचा पल्ला जेमतेम सहा सेंटीमीटर येतो. तोफेच्या गोळ्याचा ४९, छर्‍याचा २१. बंदुकीचं माप ऐकून भाचा म्हणाला, "मावशी, एवढ्याशा पल्ल्यात मी गोळी झाडू कशाला?" बरोबर आहे. असईला पायदळाने तोफांचा मारा खात अंतर कापलं आणि संगिनी रोवून निकाल लावला. पल्ला वाढवून खेळ गोड करायचा नाही, हे तिथेच ठरवलं.

२२ जून

शिपाई विकत घ्यायचा विचार सोडला. परदेशी धातूचे शिपाई मागवले तर किमतीवर टपालखर्च आणि कस्टम चढतं, आणि आपल्याला सातशेच्या वर नग हवेत. धाकट्या दिरांकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे, त्यावर काढायचे ठरले. एक लिटर रेझिन सव्वादोन हजारांना पडलं.

पहिली खेप धुऊन टेबलावर ओतली. भावजी बघून म्हणाले, "वहिनी, हे शिपाई आहेत की तांदूळ?" नाकडोळे सोडाच, बंदूक कुठली आणि हात कुठला तेही कळेना. दुसरी अडचण संगिनींची. खर्‍या प्रमाणात काढलेली संगीन केसाएवढी बारीक होते आणि आधाराच्या काड्या तोडताना तीही तुटते. मग फाइलमध्येच डोकं थोडं मोठं केलं, बंदूक दुप्पट जाड केली आणि संगीन टोपीला टेकवली. तीन फुटांवरून आता शिपाई शिपायासारखा दिसतो. हातात घेऊन बघणार्‍यांसाठी हा उद्योग नाही.

सुटे शिपाई काढून पट्टीवर चिकटवण्यात फार वेळ गेला. कोणी करणार असेल तर सहा शिपाई पट्टीसकटच छापावेत. आम्ही शिंद्यांच्या बाजूला तसंच केलं.

धुण्याच्या स्पिरिटचा वास घरभर होतो. प्रिंटर गच्चीच्या खोलीत गेला, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

६ जुलै

जमीन. दाट फोमचे दोन इंची तक्ते आणले. थर्माकोल घेऊ नये, कापताना दाणे उडतात आणि स्प्रेच्या रंगाने तो विरघळतो. फोमवर स्प्रे मारायचा असेल तर आधी फेविकॉल आणि रंगाचा हात द्यावा लागतो. तो कोपर्‍यात राहिला होता, तिथे खड्डा पडला. त्या खड्ड्यावर आता एक बाभूळ उभी आहे.

मातीसाठी खरी काळी माती वापरली. गावाकडून पिशवीभर आली होती. मैद्याच्या चाळणीने चाळली, मग जुन्या तव्यावर धूर येईपर्यंत भाजली. भाजणं आवश्यक आहे. न भाजता लावलेल्या एका तुकड्यावर आठवड्यात बुरशी धरली आणि तो भाग खरवडून पुन्हा करावा लागला. भाजलेली माती फेविकॉलवर भुरभुरली की वेगळा रंग द्यावाच लागत नाही. कडांना फक्त बदामी रंगाचा कोरडा ब्रश फिरवला.

दोन नद्या: दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. दोन्हींच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांचा तळ, पश्चिमेला भोकरदनपासून पूर्वेला असईपर्यंत. नदीत पाणी दाखवायला फेविकॉल ओतला, तो पावसाळी हवेत आतून पांढराच राहिला. दहा दिवस वाट बघून खरवडला. मग तळ गढूळ तपकिरी रंगवून वर चकचकीत वॉर्निशचे तीन हात दिले. सप्टेंबरातल्या मराठवाड्याच्या नदीला निळा रंग तसाही शोभला नसता.

काठ मात्र उंच आणि तीव्र हवेत. तोफा आणि फौज कुठूनही उतरू शकत नव्हती, म्हणूनच उताराला, म्हणजे नदी ओलांडता येईल अशा जागेला, किंमत आहे. काठ सपाट केला तर लढाईच उरत नाही.

२० जुलै

रंग. ७४ आणि ७८ या दोन हायलँडर (स्कॉटिश) पलटणी लाल कोटाच्याच, पण ७४ ची कॉलर-बाह्या पांढर्‍या आणि ७८ च्या बदामी. दहा मिलिमीटरवर हा फरक म्हणजे एकेक ठिपका. तो ठिपका द्यावा, कारण टेबलावर या दोन पलटणींची नशिबं फार वेगळी आहेत आणि गडबडीत त्या एकमेकींच्या जागी जातात. मद्रासच्या पाच देशी पलटणींना पट्टीच्या मागच्या कडेवर रंगाच्या खुणा केल्या.

शेवटी मॅट वॉर्निशचा स्प्रे. बाहेर भुरभुर होती. सकाळी उठून बघते तर अख्खी ७८ वी पलटण पिठात लोळवल्यागत पांढरी. हवेतला दमटपणा स्प्रेत अडकतो. भावजींनी फेकून नवीन छापू म्हटलं, पण ब्रशने चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिल्यावर पांढरेपणा गेला. वाळल्यावर ब्रशनेच मॅट वॉर्निश लावलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात स्प्रेच्या डब्याला हात लावू नये, हे माझं मत आता पक्कं आहे.

३ ऑगस्ट

पहिला चाचणी डाव. अर्ध्या तासात संपला.

वेलस्ली दक्षिणेकडून आला तेव्हा वाटाड्यांनी सांगितलं होतं की इथे उतार नाही. त्याला केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यातलं एक पिंपळगाव. दोन गावं इतकी जवळ आहेत म्हणजे येण्याजाण्याची वाट असणारच, एवढ्या तर्कावर त्याने फौज तिकडे वळवली आणि तिथे उतार निघाला. पोहलमनने तो राखलाच नव्हता. तोफांनी त्रास दिला तेवढाच. नदी ओलांडताना वेलस्लीजवळच्या एका स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं.

आता हे आमच्या पोहलमनला, म्हणजे ऑफिसातल्या मैत्रिणीला, पाठ आहे. तिने डाव मांडतानाच दोन पलटणी आणि सहा तोफा पिंपळगावासमोर लावल्या आणि चहा मागवला. वेलस्ली झालेल्या भावजींची फौज पाण्यातच राहिली.

इथेच घोडं पेंड खातं. दोनशे वर्षांनंतर खेळणार्‍याला उतार कुठे आहे ते ठाऊक असतं. पोहलमनला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं, म्हणून तर लढाई झाली.

१० ऑगस्ट

नियम लिहिला: वेलस्ली नदी उतरेपर्यंत पोहलमनने उताराच्या एक फुटाच्या आत काही ठेवायचं नाही.

खेळून बघितला. डाव चालला, पण मैत्रीण वैतागली. "तू मला मूर्खपणा करायला लावणार आणि मग मी मूर्ख होते असं नोंदीत लिहिणार." तिचं म्हणणं मला पटलं. बंदी घातलेला खेळाडू प्यादं होतो, त्याला टेबलाशी उभं राहण्याचं कारण उरत नाही. नियम खोडला.

१७ ऑगस्ट

उपाय सापडला. केळणा आता सलग नाही, तिचे सुटे तुकडे आहेत. तीन ठिकाणी समोरासमोर गावांची जोडी मांडली आहे. खरा उतार एकाच जोडीजवळ, त्या तुकड्याच्या तळाला टाचणी खोचलेली. डाव सुरू होण्याआधी पंच, म्हणजे मी, सगळ्यांना खोलीबाहेर काढून तुकडे बदलते. पोहलमनने फौज आधी मांडायची. वेलस्लीने कुठली जोडी तपासायची ते सांगून स्वार पाठवायचे. स्वार पोचले की तुकडा उचलून फक्त त्यालाच दाखवायचा.

तपासणीला एक पाळी जाते. एक पाळी म्हणजे २० मिनिटं, एकूण पाळ्या पंधरा, नंतर अंधार. ही लढाई दुपारनंतरची आहे, त्यामुळे घड्याळाचा धाक खराच आहे. आणि थांबून चालत नाही. बदनापूरला वेलस्ली आणि कंपनीच्या दुसर्‍या फौजेचा प्रमुख स्टीव्हन्सन यांचं ठरलं होतं की २४ तारखेला दोघांनी दोन बाजूंनी यायचं. आमच्या नियमात अंधार पडेपर्यंत वेलस्ली नदीच्या अलीकडे राहिला तर स्टीव्हन्सन येतो, पण मराठी तोफखाना निघून गेलेला असतो आणि डाव हरला जातो.

आता कोणाला काही मना केलेलं नाही. पोहलमनला तीन जागा राखता येतात, पण मग रांग विरळ होते. त्याचं अज्ञान नियमात न लिहिता त्याला खरंच काही माहीत नसावं अशी सोय केली, एवढाच फरक.

३१ ऑगस्ट

काही काम नाही. सोसायटीचा हॉल गणपतीकडे आणि टेबलाचे तुकडे आमच्या पलंगाखाली.

१४ सप्टेंबर

तोफांचा हिशेब बसवला. वेलस्लीची हानी झाली ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता. म्हणजे साडेचार हजारांतला तिसरा हिस्सा. आमच्याकडे कंपनीच्या घोडदळासह ४२ पट्ट्या आहेत, तेव्हा चौदाच्या आसपास गेल्या तर हिशेब जमला म्हणायचा. चाचणीत मध्यावरच पंचवीस गेल्या होत्या. छर्‍याचे फासे तीनावरून दोनावर आणले. शिवाय एका तोफखान्याने सलग दोन पाळ्या मारा केला की त्याच्यापुढे धूर ठेवायचा, आणि धुरातून पुढचा मारा अर्धा. धुरासाठी नानांच्या वातींचा कापूस पिंजून तारेवर गुंडाळला. नानांनी (सासरे) हिशेब ठेवला आहे, कापूस परत द्यायचा आहे.

वेलस्लीच्या स्वतःच्या तोफा बैलांनी ओढायच्या होत्या. त्या मार्‍यात लवकरच निकामी झाल्या आणि त्याने पायदळाला तोफांविनाच पुढे काढलं. आम्ही त्यांना एकच पाळी देतो.

पुढचा नियम माझा आवडता. असईला इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली, तेव्हा काही गोलंदाज (तोफा डागणारे) मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. रांग पुढे जाताच उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीवर मारा केला. म्हणून घेतलेल्या तोफखान्याजवळ एक पट्टी पहार्‍याला ठेवली नाही तर दर पाळीला फासा टाकायचा. पाच किंवा सहा आला की तोफा जाग्या.

शिंदे-भोसल्यांचे घोडेस्वार हा शेवटचा प्रश्न. तीसेक हजार घोडं जवळ असताना ते जवळपास बघत राहिलं. एका खेळाडूकडे सगळी मराठी फौज दिली की तो हे घोडं पहिल्या पाळीला सोडतो आणि वेलस्ली चिरडला जातो. बंदीचा धडा ताजा होता, म्हणून बाजू तिघांत वाटली. पायदळ मैत्रिणीकडे, शिंद्यांचे स्वार नवर्‍याकडे, नागपूरकर भोसल्यांचे स्वार नानांकडे. तोफा वाचल्या तर मैत्रिणीला गुण. शिंदे आणि भोसल्यांना मात्र आपापली घोडी शाबूत राहिल्याचे गुण. एकमेकांशी बोलायचं ते चिठ्ठीने, आणि चिठ्ठी एक पाळी उशिरा पोचते.

२१ सप्टेंबर

मुख्य डाव. हॉल सकाळी दहापासून मिळाला.

भावजींनी पहिली तपासणी मधल्या जोडीची केली, चुकली. दुसरी पूर्वेची, तिथे टाचणी निघाली. मोर्चा वळवून उतरेपर्यंत पाचवी पाळी. मैत्रिणीने तीन जागा राखायच्या भानगडीत न पडता अर्धी फौज मध्ये राखीव ठेवली होती, त्यामुळे तिला वळायला सोपं गेलं.

खर्‍या लढाईतही पोहलमनने हेच करून दाखवलं. दक्षिणेकडे तोंड असलेली रांग त्याने डावीकडे फिरवून पूर्वेला तोंड केली, केळणेपासून असईपर्यंत. बगल पकडायला आलेल्या वेलस्लीला समोर पूर्ण रांग दिसली. टेबलावर पलटणी वळल्या, पण तोफा मागे राहिल्या. आमच्या नियमात तोफ पाळीला एकदाच फिरते. मध्ये बारा सेंटीमीटरची फट पडली आणि ७८ व्या पलटणीने, जी डाव्या टोकाला केळणेलगत होती, नेमकी तिथे घुसायला सुरुवात केली.

उजवीकडे भाचा. त्याच्याकडे बिनीच्या तुकड्या आणि ७४ वी. खर्‍या लढाईत बिनीच्या तुकड्यांचा प्रमुख ऑरॉक ठरल्यापेक्षा उजवीकडे सरकत थेट असई गावाकडे गेला, ७४ वी त्याच्यामागे गेली, आणि गावातल्या तोफा-बंदुकांनी त्या पलटणीची चारशेच्या घरात माणसं पाडली. भाच्याने हे वाचलेलं. गावापासून दूर राहायचं म्हणून तो इतका डावीकडे सरकला की त्याच्या पट्ट्या मद्रासच्या पलटणींमागे दाटीने उभ्या राहिल्या. रांगेला रुंदीच उरली नाही. छर्‍याचा प्रत्येक फासा दोन पलटणींवर पडायला लागला. ७४ वी वाचली, मद्रासच्या दोन पलटणी संपल्या. असईच्या मातीच्या भिंतींमागची शिबंदी आरामात बाहेर येऊन त्याच्या उघड्या बगलेवर उभी राहिली. मी काही बोलले नाही, पंचाने बोलायचं नसतं. पण ती दाटी बघताना जीभ चावावी लागली.

नवव्या पाळीला ७८ वी तोफांवर पोचली. चारातल्या तीन पट्ट्या शिल्लक. केळणेकडचे चार तोफखाने पडले. भावजी पुढच्या पाठलागाच्या नादात पहारा न ठेवता निघाले. फासा: सहा. पुढच्या पाळीला दुसर्‍यावर पाच. दोन तोफखाने पाठीमागून सुरू झाले. हॉलमध्ये जो काही आरडाओरडा झाला तो ऐकून वॉचमन वर आला. तोफा परत घ्यायला भावजींना कंपनीचं घोडदळ मागे पाठवावं लागलं, आणि ते पाठलागाला उरलं नाही.

या सगळ्यात नाना खुर्चीत बसून होते. मैत्रिणीने चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवल्या: "स्वार द्या." "आत्ता द्या." नानांनी प्रत्येक चिठ्ठीमागे सुवाच्य अक्षरात "विचार करतो" लिहून परत दिलं. नवर्‍याने एकदा निम्मे स्वार सोडले, ते असईपर्यंत पोचायच्या आत अंधार झाला.

निकाल: वेलस्लीच्या ४२ पैकी १९ पट्ट्या गेल्या. मराठी तोफांतल्या निम्म्याच्या किंचित वर त्याच्या हाती आल्या. पोहलमनचं पायदळ जुईपलीकडे रांगेत निघून गेलं. गुण मोजले तर पहिले आले नाना. टेबलाला हातही न लावता.

भावजी म्हणाले हा काय खेळ झाला. नाना म्हणाले, "घोडी मोजून घ्या." चहा होईपर्यंत वाद चालला, नंतरही.

२८ सप्टेंबर

कोणी करणार असेल तर खर्च: रेझिनच्या दोन बाटल्या, स्पिरिट आणि हातमोजे मिळून साडेसहा हजार. रंग आणि ब्रश अडीच हजार. फोम, प्लाय, फेविकॉल तीन हजारांपर्यंत. वाया गेलेल्या वॉर्निशचे सातशे यात आहेत. प्रिंटर आधीच होता, तो धरलेला नाही. सगळ्यात जास्त वेळ रंगात न जाता नियम बदलून पुन्हा मांडण्यात गेला, म्हणून आधी कागदाच्या चौकोनांवर खेळून बघावं आणि मगच शिपाई छापावेत.

बदललेलं: तोफ एका पाळीत दोनदा फिरेल, पण फिरलेल्या पाळीत मारा नाही. एका रांगेमागे दुसरी पलटण चार सेंटीमीटरच्या आत असेल तरच छर्‍याचा फासा दोघींना लागेल, एरवी नाही. उजव्या बगलेच्या खेळाडूला मूळ लढाईची हकिकत सांगून उपयोग नाही, म्हणून असईची शिबंदी झाकून ठेवायची. गाव रिकामं आहे की भरलेलं ते बिनीची तुकडी वीस सेंटीमीटरवर पोचल्यावरच कळेल.

नानांच्या गुणांचं असं ठरलं. असईत वाचवलेल्या घोड्यांना असईत गुण नाहीत. पुढचा डाव अडगावचा, २९ नोव्हेंबर १८०३, आणि तिथे भोसल्यांचं स्वतःचं पायदळ टेबलावर असेल. वाचलेली घोडी तिथे उतरवायची, आणि अडगाव हरलं तर असईचेही गुण उणे. नानांनी नियम दोनदा वाचला आणि विचार करतो म्हणाले.